कापडी डायपर तासाभरात गळतोय? नवा घेण्याआधी इन्सर्ट चाचपून बघा

लेक साडेतीन महिन्यांची असताना एका रात्रीत मी तीनदा चादर बदलली. डायपर कापडी, चांगले पारखून घेतलेले, दोन डझन. माहेरी, राजापूरजवळच्या आमच्या घरी, हेच डायपर तीन-तीन तास टिकायचे. सप्टेंबरात पुण्याला परत आलो आणि महिन्याभरात ते तासाभरात गळायला लागले. बाळ तेच, डायपर तेच, घालणारे हात तेच. मी काय केलं, तर आणखी सहा डायपर मागवले. जो तो विचारतो "कोणता घेऊ?", मीही तेच विचारत बसले. ते सहा दीड महिना चांगले चालले आणि मग तेही गळायला लागले. तेव्हा कुठे लक्षात आलं की दोष डायपरात नसावा.

ज्यांच्या घरी आत्ता हेच चाललंय त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहिते आहे. रात्री दोन वाजता ओलं झबलं बदलताना "आपलंच काहीतरी चुकतंय" असं वाटून रडू येतं, ते मला माहीत आहे. बहुतेक वेळा कारण सापडतं आणि उपाय स्वस्त असतो.

पहिलं काम हे करा. गळलेला डायपर काढलात की लगेच बादलीत टाकू नका. आतला इन्सर्ट, म्हणजे शोषणारी पट्टी, बाहेर काढून या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताने चाचपा.

इन्सर्ट सगळाच चिंब असेल, पिळला तर धार लागत असेल, तर त्याची क्षमता संपली होती. थर वाढवा किंवा लवकर बदला. पण मांडीशी झबलं ओलं आणि इन्सर्टचा मागचा अर्धा भाग कोरडा असेल, तर थर वाढवून काहीही उपयोग नाही. शू आत शिरलीच नाही, वरून घरंगळून कडेनं निघून गेली. याची कारणं दोनच, डायपर नीट बसलेला नाही किंवा कापडाने पाणी पिणं सोडलं आहे. आणि कड कोरडी असून कव्हरच्या, म्हणजे बाहेरच्या पाणी अडवणाऱ्या आवरणाच्या, मधल्या भागातूनच ओल झिरपत असेल, तर कव्हर गेलं.

थोडा हिशोबही करून बघा. बाळ रोज वजनाच्या दर किलोमागे साधारण १५० मिलिलिटर दूध पितं. साडेपाच किलोच्या बाळाचं दिवसाचं दूध झालं सव्वाआठशे मिलि. त्यातला थेंबन् थेंब शू होऊन बाहेर आला असं धरलं, तरी तासाला ३५ मिलिच्या आसपास. खरं तर घाम, श्वास, शी यांत बरंच जातं. मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एक नवा इन्सर्ट कोरडा आणि भिजवून, निथळून असा मोजला, तर त्याने दीडशे ग्रॅम पाणी धरलं होतं. म्हणजे दीडशे मिलि धरणारी पट्टी तासाभरात गळत असेल, तर ती भरून वाहत नाहीये. हा हिशोब मी आधी केला असता तर ते सहा डायपर मागवलेच नसते.

पहिल्या सहा आठवड्यांतली गळती

नवजात बाळाच्या गळतीचं कारण बहुतेक वेळा मांडीपाशी असतं. बाजारातल्या "एकच माप" डायपरवर ३ ते १५ किलो किंवा ५ ते १७ किलो असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे पूर्ण दिवसांची कितीतरी बाळं अडीच-पावणेतीन किलोची असतात. माझी लेक २ किलो ६०० ग्रॅमची होती. पुढची सगळी टिचबटणं लावून डायपर सगळ्यात लहान केला तरी तिच्या काडीसारख्या मांडीभोवती माझं बोट आरपार जायचं. त्या फटीतून पातळ शी थेट दुपट्यावर.

आईने दुसऱ्याच दिवशी ते डायपर कपाटात ठेवले आणि जुन्या मऊ सुती साडीची बाळोती काढली. "अगं, तिला अंगावर मांस तरी येऊ दे, मग घाल तुझे ते," असं म्हणाली, आणि तिचं बरोबर होतं. त्रिकोणी घडीचं बाळोतं कमरेशी बांधलं की ते बाळाच्या मापाचंच होतं. त्यावर हवं तर नवजात मापाचं छोटं कव्हर. ते नसेल तर आपलं मेणकापड खाली आहेच. पहिले आठवडे बाळ थोडी थोडी आणि सारखी शू करतं. सहाव्या दिवसापासून दिवसाला सहा किंवा जास्त वेळा ओलं होणं हे दूध पुरतंय याचं एक लक्षण मानतात, आणि बाळोत्यात ते लगेच कळतं. नाळ पडेपर्यंत, म्हणजे साधारण एक-दोन आठवडे, पुढची घडी बेंबीच्या खाली राहील अशी दुमडा. नाळेला ओल आणि घासणं दोन्ही नको.

बाळोतं घट्ट बांधण्याचा मोह मात्र टाळा. पाय सरळ करून दुपट्यात आवळून गुंडाळलं तर खुब्याच्या सांध्याला त्रास होऊ शकतो. पाय गुडघ्यात वाकलेले, बेडकासारखे बाहेरच्या बाजूला पडलेले बरे. दोन मांड्यांच्या मध्ये कापडाचा फुगारा आला तर त्याची काळजी करू नका, त्या जागेत पाय तसेच छान राहतात.

लेक चार किलोच्या पुढे गेली आणि डायपर नीट बसायला लागले. नीट बसणं म्हणजे काय, तर इलॅस्टिक मांडीच्या गोलाईवर न राहता जांघेच्या घडीत जायला हवं, आपली चड्डी बसते तसं. बाळाला निजवून डायपर लावला की दोन्ही जांघांतून बोट फिरवून इलॅस्टिक आत ढकला आणि कड बाहेरच्या बाजूला वळवून घ्या. कमरेशी दोन बोटं जातील इतकं सैल. इन्सर्टचं एखादं टोक कव्हरच्या बाहेर डोकावत असेल तर वातीने तेल ओढावं तसं ते शू बाहेर ओढून आणतं. झबल्याची कड डायपरात खोचली गेली तरी हेच होतं. ही दोन कारणं इतकी साधी आहेत की सगळ्यात शेवटी लक्षात येतात.

आमचं दुखणं: वडी, बोरचं पाणी आणि तेल

आता सप्टेंबरानंतरच्या गोष्टीकडे येते. इन्सर्ट चाचपला तर मागून कोरडा. जांघेत इलॅस्टिक बरोबर. मग एका दुपारी धुतलेला, वाळलेला इन्सर्ट ताटात पसरला आणि त्यावर चमच्याने पाणी सोडलं. पाणी अळवाच्या पानावर राहावं तसं थेंब धरून वरच राहिलं. चार-पाच सेकंदांनी हळूहळू आत गेलं. शेजारी नवा, फारसा न धुतलेला इन्सर्ट ठेवला. त्यात पाणी पडताक्षणी नाहीसं झालं. दोन्ही बांबूचे, एकाच मापाचे. फरक होता तो धुण्याचा.

राजापूरला विहीर जांभ्यात आहे. तिथल्या पाण्यात साबण लावला की हात निसरडे राहतात, फेस जाता जात नाही. पुण्यात आमच्या सोसायटीत टँकर आणि बोर. नळाच्या तोंडाशी पांढरी पुटं, गिझरची कॉइल दर वर्षी क्षाराने भरलेली. शाळेत आपण "दुष्फेन पाणी" शिकलो ते हेच, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असलेलं. भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात कडकपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पिण्याला चालणारं हे पाणी बाळोत्यांना मानवत नाही. साबण त्या क्षारांशी मिळाला की त्याचा न विरघळणारा चिकट साका होतो. न्हाणीघरातल्या बादलीला जी करडी कड येते, तोच साका. तो कापडाच्या तंतूंवर बसतो आणि पाणी बाहेरच अडवतो.

सासूबाई दर डायपर हाताने, कपड्याच्या वडीने घासायच्या. बाळाच्या कपड्यांना मशीनची रसायनं नकोत म्हणून, साठीच्या वयात, पाटावर बसून. त्यांच्या मायेत काही चूक नव्हती. चूक होती ती वडी आणि त्या पाण्याच्या जोडीत. ती वडी साबणाची होती. डिटर्जंट पावडरीचा साका वडीसारखा होत नाही. रिठ्याबद्दलही सांगते. बाळाच्या झबल्याला, लोकरीला तो ठीक, पण शूने भरलेल्या जाड पट्टीची खोलवरची घाण त्याच्या जोराने निघत नाही.

दुसरं कारण मी स्वतः घालत होते. कपडे मऊ राहावेत म्हणून शेवटच्या पाण्यात सॉफ्टनर. सॉफ्टनर तंतूवर एक बारीक थर चढवतं, त्यामुळेच कापड मऊ लागतं आणि त्यामुळेच ते पाणी पीत नाही. टॉवेलचंही असंच होतं, फक्त टॉवेल गळला म्हणून कुणी रात्री उठत नाही.

तिसरं कारण तेल. मालीश अंघोळीच्या आधी झाली, मग अंघोळ, तर काही बिघडत नाही. आमच्याकडे अंघोळीनंतर पुन्हा जांघेत, ढुंगणाला खोबरेल लावायचे, लाली येऊ नये म्हणून. ते तेल दिवसाला आठ वेळा डायपरच्या आतल्या कापडात मुरत होतं. जस्ताची पांढरी क्रीम आणि पेट्रोलियम जेलीही हेच करतात. लावायचीच असेल तर मलमलचा एक हातरुमालाएवढा तुकडा मध्ये ठेवा आणि तो वेगळा धुवा. जुन्या पंच्याचे असे वीस तुकडे मी कापून ठेवलेत.

शोषण परत कसं आणलं

कव्हर बाजूला काढली. त्यांच्या आतल्या बाजूला पीयूएलचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा असतो. उकळतं पाणी, इस्त्री यांनी तो सुटतो. पुढचं सगळं फक्त सुती आणि बांबूच्या इन्सर्टसाठी.

बादलीत हाताला सोसणार नाही इतकं कढत पाणी, त्यात धुण्याचा सोडा आणि नेहमीइतकी डिटर्जंट पावडर. इन्सर्ट काठीने बुडवून पाणी पूर्ण गार होईपर्यंत ठेवले. सोडा किती घालायचा? लिटरला ४०० मिलिग्रॅम कडकपणा असलेल्या १५ लिटर पाण्यात ६ ग्रॅम क्षार असतो आणि त्याला जवळपास तेवढाच सोडा लागतो. सोडा थोडा जास्तच असलेला बरा, म्हणून मी चहाचे दोन सपाट चमचे घातले. हा धुण्याचा सोडा, खाण्याचा नव्हे. खाण्याच्या सोड्यात ती ताकद नाही. हातात मोजे घाला, त्याने कातडी रखरखते.

संध्याकाळी पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ झालं होतं. धुतलेल्या, स्वच्छ दिसणाऱ्या इन्सर्टमधून हे निघालं याचं मला फार वाईट वाटलं, कारण तो साका इतके दिवस लेकीच्या अंगाला लागत होता. पुन्हा एकदा तसंच केलं. दुसऱ्या वेळी पाणी बरंच स्वच्छ. मग मशीनमध्ये काहीही न घालता दोनदा साध्या पाण्यातून काढले. वाळल्यावर ताटातली परीक्षा पुन्हा. थेंब सांडला आणि गेला.

तरी कापड ताठ लागत असेल, तर एका वेगळ्या दिवशी, वेगळ्या पाण्यात चमचाभर लिंबूसत्व विरघळवून अर्धा तास भिजवा. बसलेला क्षार आम्लाने सुटतो. सोडा आणि लिंबूसत्व एकत्र घालू नका, फसफसून दोन्ही वाया जातात. आणि क्लोरीनच्या ब्लीचमध्ये लिंबूसत्व किंवा व्हिनेगर कधीही मिसळायचं नाही, त्यातून विषारी वायू निघतो. जंतू मरावेत म्हणून दर बादलीत अँटिसेप्टिक ओतायची पद्धत घरोघरी आहे. तीही मी बंद केली. बाळाच्या नाजूक कातडीला ते जळजळतं. पुरेशी पावडर, गरम पाणी आणि कडक ऊन असल्यावर त्याची गरज नाही.

आता रोजचं धुणं असं आहे. शीचा डायपर लगेच खंगाळायचा, ओले डायपर झाकण नसलेल्या जाळीच्या टोपलीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी थोड्या पावडरीत एक छोटं धुणं, ते घाण पाणी सोडून द्यायचं, मग मुख्य धुणं पुरेपूर पावडर आणि चमचाभर सोडा घालून, ६० अंशांच्या आत. "बाळाचं आहे, पावडर कमी घाल" हा सल्ला आमच्याकडेही मिळाला होता. कमी पावडरीत शू कापडात उरते, जिवाणू तिच्यातल्या युरियाचा अमोनिया करतात आणि सकाळी डायपर उघडला की डोळ्यांना झोंबतं. मशीनमध्ये कपडे एकमेकांवर आपटले पाहिजेत. सहा डायपर घालून टब काठोकाठ पाण्याने भरलात तर ते नुसते तरंगतात.

नवे इन्सर्ट आल्या आल्या वापरणाऱ्यांनाही याच ताटातल्या परीक्षेत उत्तर मिळेल. सुती आणि हेम्पच्या, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याच्या, कापडात नैसर्गिक मेण असतं. चार-पाच धुण्यांनंतर ते जातं आणि मगच कापड पूर्ण ताकदीने पितं. पहिल्याच दिवशी गळला म्हणून परत पाठवू नका.

पावसाळा

लेक जूनमध्ये झाली. कोकणातला जून-जुलै म्हणजे पडवीत दोऱ्याच दोऱ्या आणि काहीच वाळत नाही. तीन थरांचे शिवलेले इन्सर्ट दोन-दोन दिवस आतून दमट राहायचे, कुबट वास यायचा. एकाच थराची बाळोती मात्र पंख्याखाली संध्याकाळपर्यंत वाळायची. सुती बाळोत्याला शेवटी इस्त्री फिरवली की उरलेला दमटपणा जातो. शेगडीवर ओव्याची धुरी करून तिच्यावर बाळोती धरायची आमच्याकडे रीत. आईला मी विनवलं की खोली बंद करून धूर नको, तान्ह्या बाळाच्या छातीला तो बाधतो. तिने ऐकलं, आणि इस्त्री स्वतःकडे घेतली.

तुमचं बाळ पावसाळ्यात होणार असेल आणि खरेदी अजून व्हायची असेल, तर सगळं एकत्र शिवलेला प्रकार घेऊ नका. कव्हर वेगळं, आतलं कापड वेगळं, घडी उलगडणारं असं घ्या. कुठल्याही ऋतूत सुरुवातीला वेगवेगळ्या घडणीचे दोन-तीनच आणा, महिनाभर वापरा, मग बाकीचे.

उरलेल्या तक्रारी थोडक्यात

बाळ झोळीत किंवा कडेवर असतानाच गळत असेल आणि इन्सर्ट मायक्रोफायबरचा असेल, तर तो दाबला जातोय. मायक्रोफायबर पाणी झटकन घेतं पण दाबलं की स्पंजसारखं सोडतं. त्याच्या खाली हेम्प किंवा सुती थर ठेवा. वरचा पितो, खालचा धरून ठेवतो. मायक्रोफायबर थेट कातडीला मात्र लावू नका, ते ओलावा ओढून कातडी कोरडी करतं.

मुलगा असेल आणि पोटाशी ओलं होत असेल तर डायपर लावताना शूची जागा खालच्या दिशेला करून घ्या आणि इन्सर्टची जास्तीची घडी पुढे आणा. मुलींना घडी मध्यभागी लागते.

लाली दोन-तीन दिवसांत उतरली नाही, किंवा जांघेच्या घडीत लालभडक होऊन भोवती सुटे लाल ठिपके दिसले, तर डॉक्टरांना दाखवा. ती बुरशी असू शकते आणि तिला औषध लागतं. टाल्कम पावडर लावू नका, ती श्वासातून आत जाते.

कव्हर गेलं का हे बघायला त्यात वाटीभर पाणी ओतून हातात धरा. बाहेरून थोडा गारवा जाणवेल, ते चालतं. थेंब धरले तर पापुद्रा सुटला. माझी दोन कव्हरं अशी गेली, दोन्ही मी अजाणता इन्सर्टबरोबर कढत पाण्यात टाकलेली. बाकीच्या कव्हरांची इलॅस्टिकं सैल पडली होती, ती कोपऱ्यावरच्या शिंपीदादांनी बदलून दिली.

लेक आता नऊ महिन्यांची आहे. दिवसाची गळती पूर्ण थांबली. रात्री सलग सात तास झोपते तेव्हा मात्र एका इन्सर्टवर भागत नाही. सकाळी तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चिंब असतो, म्हणून तिथे मी खरोखरच एक हेम्पचा थर वाढवला आहे.